उबेचा हिशेब

दौंड तालुक्यातल्या राहू बेटात ऊसतोड सुरू झाली की गुऱ्हाळावर एक गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही: चरकातून उतरलेला रस काहिलीत चढायला उशीर होता कामा नये. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यातल्या या पट्ट्यात ऊस भरपूर, गुऱ्हाळे भरपूर, आणि रस उन्हात थांबला तर काय होते याचा अनुभवही भरपूर. काही तासांत रस बुळबुळीत होतो, मग आंबूस वास सुटतो. अशा रसाचा गूळ नीट बसत नाही, ढेप ओलसर राहते.

त्याच पट्ट्यातल्या स्वयंपाकघरात जानेवारीच्या सकाळी बरोबर उलटी तक्रार ऐकू येते. रात्री वाटून ठेवलेले इडलीचे पीठ होते तेवढेच, एक बोटही वर आलेले नाही. विरजण लावलेले दूध अजून दूधच. मे महिन्यात मात्र तेच पीठ पहाटे पातेल्याबाहेर सांडलेले असते आणि दही इतके आंबट की ताकाखेरीज त्याचा उपयोग नाही.

गुऱ्हाळातला रस बिघडवणारा आणि पीठ फुगवणारा जीव बऱ्याच अंशी एकच आहे. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हे त्याचे शास्त्रीय नाव. उसाच्या कापलेल्या टोकावर तो सहज वाढतो आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. रसाचा बुळबुळीतपणा त्याचाच. साखर कारखान्यांना तोडलेला ऊस वेळेत गाळण्याची घाई असते, तिचे हे एक मोठे कारण. उडीद-तांदळाच्या पिठात हाच जिवाणू आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि पीठ फुगते. इडलीच्या फुगण्यातला त्याचा वाटा १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवला गेला. एके ठिकाणी शत्रू, दुसरीकडे मदतनीस. त्याचा वेग मात्र दोन्हीकडे तापमानच ठरवते.

आंबवण्याच्या कामात माणसाच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात. पीठ किती दळायचे, विरजण किती घालायचे, भांडे स्वच्छ ठेवायचे, एवढे झाले की पुढचे काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. त्यांना हुकूम देता येत नाही. त्यांच्या भोवतीची ऊब तेवढी राखता येते. ढोबळमानाने, सोसवणाऱ्या मर्यादेत तापमान दहा अंशांनी वाढले की जिवाणू-यीस्टच्या कामाचा वेग सुमारे दुप्पट होतो. ती मर्यादा ओलांडली की काम मंदावते, मग थांबते. पुणे जिल्ह्याच्या या भागात थंडीत पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशीला टेकतो. म्हणजे ओट्यावर उघड्या ठेवलेल्या एकाच पातेल्यात वर्षभरात कामाचा वेग कित्येक पट बदलतो. एवढ्या फरकात दर वेळी सारखी चव मिळण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

यावरचे घरगुती उपाय जुने आहेत. पातेले चुलीच्या उबेला ठेवणे, गोधडीत गुंडाळणे, तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यात खुपसणे. यांतला प्रत्येक उपाय विचार करून काढलेला आहे आणि चालतोही. धान्य आणि गोधडी उष्णता आत धरून ठेवतात, चूल ती हळूहळू पुरवते. पण चूल पहाटे विझते, आणि गोधडीला आतले दूध किती निवले हे कळत नाही. कमी आहे तेव्हा ऊब दे आणि पुरेशी झाली की थांब, हे सांगणारे कुणीतरी तिथे लागते. ते काम आज शंभर-दोनशे रुपयांची एक छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, म्हणजे तापमान-नियंत्रक, करते.

अशा नियंत्रणाची गरज ज्यांना फार आधी भासली त्यांत बिअर करणारे लोक होते. त्यांची अडचण दह्याच्या उलट होती. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते तेव्हा स्वतःच उष्णता सोडते. एक किलो साखर पूर्ण आंबली की साधारण ५५० ते ६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वीस लिटरच्या पिंपात दोन किलो साखर आंबली आणि उष्णता कुठेच निसटली नाही, तर द्रवाचे तापमान तेरा-चौदा अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता पिंपाच्या भिंतींतून निघून जाते, तरीही जोरात आंबणारे पिंप खोलीच्या तापमानापेक्षा तीन ते पाच अंश गरम असते. खोलीत तापमापक २० दाखवतो आणि पिंपात २४ असतात. एल जातीच्या बिअरसाठी १८ ते २२ अंश योग्य, लागरसाठी ८ ते १३. त्याहून वर गेले की यीस्ट उग्र वासाची फ्युसेल अल्कोहोले आणि फळांच्या वासाची एस्टर प्रमाणाबाहेर तयार करते. पिकल्या केळ्यासारखा वास देणारे आयसोअमाइल अॅसिटेट हे त्यांतलेच एक एस्टर.

बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात, बिअर गाळण्यावर बंदी घातली गेली, कारण गरम हवेत केलेली बिअर वारंवार बिघडत असे. सूक्ष्मजीव ही कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. ऋतूचा अनुभव तेवढा पक्का होता. लुई पाश्चरने आंबण्यामागचे जीव ओळखले ते पुढे १८५७ नंतर. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी शीतयंत्र उभारले आणि ऋतूची अट संपली. घराघरातला फ्रिज ज्या विद्येतून आला तिला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते बिअरचे कारखाने, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दौंड तालुक्यात या प्रश्नाचे मोठे रूप पाहायला लांब जावे लागत नाही. रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वायनरी आहे. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. त्यांचा रस आंबू लागतो तेव्हा हवा थंड होत जात असते, निसर्गाचा हात पाठीशी असतो. महाराष्ट्रात वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, म्हणजे आंबण्याचे काम आणि उन्हाळा बरोबरच चढतात. पांढऱ्या वाइनचा रस १२ ते १८ अंशांत आंबवायचा असतो, तांबड्या वाइनचा साधारण २४ ते ३०. म्हणून इथल्या वायनऱ्यांना थंड पाणी किंवा ग्लायकॉल खेळवणारी दुहेरी भिंतीची पोलादी टाकी आणि तिच्यावरचा नियंत्रक लागतो. नारायणगाव असो वा नाशिक, महाराष्ट्रातला वाइन उद्योग द्राक्षांइतकाच शीतयंत्रांवर उभा आहे.

उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांचा हिशेब तर थक्क करणारा आहे. एक लाख लिटर मळीच्या द्रावणात १५ टक्के साखर धरली तर ती झाली पंधरा टन. ती सगळी आंबली आणि टाकी थंड केलीच नाही, तर तापमान सुमारे २० अंशांनी वाढेल. ३० अंशांवर सुरू झालेली टाकी ५० वर जाईल आणि यीस्ट त्याच्या कितीतरी आधी मरेल. म्हणून टाकीतला द्रव सतत उष्णता-विनिमयकातून फिरवून ३० ते ३४ अंशांच्या दरम्यान राखतात. पुण्याजवळच्या मांजरीला १९७५ पासून काम करणारी साखर संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, या शास्त्राचे शिक्षण देते. राहूच्या शेजारी पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा साखर कारखाना आहे, पाटसला भीमा कारखाना आहे. ज्या भागातल्या घरटी एका माणसाचा उसाशी संबंध येतो, तिथे आंबण्याची उष्णता हा विषय परका वाटायचे कारण नाही.

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. तिथल्या हौशी मंडळींनी जुने फ्रिज, बल्ब आणि स्वस्त नियंत्रक जोडून आंबवण-पेट्या बनवल्या, आणि हे तंत्र जगभर पसरले. महाराष्ट्रात ती मोकळीक नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर किंवा वाइन बनवणे, अगदी स्वतःपुरती, गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलालीसारखी लघु-ब्रुअरी सुरू झाली ती रीतसर परवाना घेऊन. तेव्हा घरगुती बिअरवाल्यांनी घडवलेले हे यंत्र इथल्या घराने दही, इडली, आंबोळी, ढोकळा, कोंबुचा यांसाठी वापरावे. शेतीतही त्याला जागा आहे: ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी २५ ते ३० अंशांत चांगली वाढते, धिंगरी अळिंबीच्या बियाण्याला २५ च्या आसपास हवे. कोंबडीची अंडी उबवायला ३७.५ अंश लागतात आणि ते एकवीस दिवस जवळजवळ न हलता लागतात.

अंड्यांचा उल्लेख सहज आलेला नाही. तापमान आपोआप राखणारे पहिले ज्ञात यंत्र अंड्यांसाठीच होते. हॉलंडमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये काम केलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेलने १६२० च्या सुमारास अशी भट्टी केली होती. तापल्यावर फुगणारा द्रव पाऱ्याला ढकलत असे, पारा एका दांड्याला, आणि दांडा धुराच्या वाटेवरचे झाकण खाली आणत असे. हवा कमी झाली की आग मंदावे. निवले की झाकण उघडे. वीज नव्हती, तरी मोजणे, ताडून पाहणे आणि त्यानुसार कृती करणे हे चक्र पूर्ण होते. आजच्या पाटीतही तेच चक्र आहे, पाऱ्याच्या जागी तापमान मोजणारा तांदळाएवढा थर्मिस्टर आहे इतकेच.

अशी यंत्रे गावात, गावच्या मुलांच्या हातून व्हावीत हा विचार शेजारच्या शिरूर तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी रुजला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे ही तिथली पद्धत. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य या चार अंगांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तिथून अनेक माध्यमिक शाळांत गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये ती मोजली जाते. संगणक, सर्किट आणि वर्कशॉप एका छपराखाली आणले तर गावातला प्रश्न गावातच सुटतो, ही तिच्यामागची श्रद्धा. तापमान-नियंत्रक हा त्या श्रद्धेला साजेसा विषय आहे: स्वस्त, उपयोगी, आणि चुकला तर का चुकला हे लगेच दाखवणारा.

आता प्रत्यक्ष पेटी.

थर्मोकोलचे जाड खोके घ्यावे. मासळी किंवा औषधांच्या वाहतुकीचे जुने खोके चांगले चालते, मात्र गरम पाणी आणि साबणाने स्वच्छ धुतलेले. प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटर आणि भिंत अडीच सेंटिमीटर जाड असेल तर बाहेर १३ आणि आत ४३ अंश राखायला साधारण २३ वॉट उष्णता सतत लागते. बाजू ४० सेंटिमीटर केली की हाच आकडा ४० वर जातो. भिंत दुप्पट जाड केली की निम्म्यावर येतो. बल्ब किती वॉटचा घ्यायचा हे या हिशेबातून ठरते: छोट्या खोक्याला ४० वॉटचा तारेचा बल्ब पुरतो, मोठ्याला ६० चा हवा. एलईडी दिवा इथे कामाचा नाही, त्याच्यात उष्णता फारच कमी. तारेचा बल्ब मिळाला नाही तर अंडी उबवण्याच्या पेटीसाठी विकली जाणारी हीटिंग वायर किंवा पॅड घ्यावे.

बल्ब पत्र्याच्या डब्यात बसवावा आणि डबा थर्मोकोलपासून चार बोटे तरी दूर ठेवावा. थर्मोकोल ८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि पेटले तर घातक धूर सोडते. डब्याला अर्थिंगची तार जोडावी. घरात गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर या प्रयोगाआधी तो बसवून घ्यावा. दूध, पाणी आणि २३० व्होल्ट एका खोक्यात आणताना या खर्चात काटकसर करणे योग्य नाही.

नियंत्रक म्हणून सर्वांत स्वस्त पर्याय डब्ल्यू-१२०९ नावाची पाटी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अशा पाट्या मिळतात. तिला १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो, अर्ध्या अँपिअरचा पुष्कळ झाला. तिच्यावर तीन आकडी दर्शक, तीन बटणे, वायरच्या टोकाला सेन्सर आणि एक रिले असतो. रिले म्हणजे विजेने हलणारे बटण. बल्बकडे जाणारी फेजची तार तोडून तिची दोन टोके रिलेच्या दोन खुंट्यांत घट्ट बसवायची. न्यूट्रल सरळ बल्बला जाते. फेजच तोडायची, न्यूट्रल नाही, म्हणजे रिले बंद असताना होल्डरमध्ये वीज उरत नाही. वायरिंग आपल्याला येत नसेल तर एवढे काम गावातल्या वायरमनकडून करून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

पाटीच्या सेटिंगमध्ये पहिली गोष्ट तापवणे की थंड करणे ही निवड. दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, दोन टोकांमधले अंतर. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी बोटभर उतरल्याबरोबर मोटार सुरू करत नाही. टाकी बरीच रिकामी झाली की सुरू करतो आणि भरली की बंद. नियंत्रकही तसाच वागतो. ४० अंश लावले आणि अंतर दोन अंश ठेवले, तर बल्ब ३८ वर लागेल आणि ४० वर विझेल. या पाटीत कारखान्यातून येणारे अंतर दोन अंशच असते. दह्याला ते चालते, अंड्यांना नाही. तिथे ते अर्ध्या अंशापर्यंत आणावे लागते. उगाच ०.१ करून ठेवले की रिले दर मिनिटाला टकटक करतो आणि लवकर झिजतो.

सेन्सर कुठे ठेवायचा, यात बहुतेकांचे गणित बिघडते. हवेत लटकवला तर तो हवेचे तापमान सांगतो. खोक्यातली हवा दोन मिनिटांत तापते, बल्ब विझतो आणि पातेल्यातले पीठ अजून थंडच असते. सरळ द्रवात बुडवला तर उलटे होते: पीठ हळूहळू तापते, तोवर बल्ब जळत राहतो, खोके भट्टीसारखे होते आणि बल्ब विझल्यावरही साठलेली ऊब आत शिरत राहते, तापमान ठरलेल्या आकड्याच्या पुढे निघून जाते. घरगुती बिअरवाल्यांनी यातून मधला मार्ग काढला आणि तो दह्याला तितकाच लागू पडतो. सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, द्रवाच्या पातळीखाली चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि त्याच्यावर फोमचा किंवा जाड कापडाचा तुकडा बांधायचा. मग त्याला हवा लागत नाही, भांडे लागते. स्टीलच्या पातेल्यात हे उत्तम चालते. जोडीला संगणकातला १२ व्होल्टचा जुना पंखा आत लावला तर वरची आणि खालची हवा सारखी राहते.

बल्बकडून दूध तापवून घेण्याचा मोह टाळावा. पाच लिटर दूध २५ वरून ४३ अंशांवर न्यायला सुमारे ३८० किलोज्यूल लागतात. ४० वॉटच्या बल्बला, एकही कण ऊब वाया गेली नाही असे धरले तरी, अडीच तासांहून जास्त लागतील. आणि तोवर विरजण कोमट दुधात रेंगाळलेले. दूध उकळून, गॅसवरून उतरवून ४३ पर्यंत निवू द्यावे, मग विरजण घालून पेटीत ठेवावे. पेटीचे काम ऊब राखणे एवढेच आहे. कारखान्यातल्या योगर्टचे जिवाणू ४२ ते ४५ अंशांत सर्वांत जोमाने काम करतात. घरच्या विरजणात कमी उबेत वाढणारे जिवाणूही मिसळलेले असतात, त्यामुळे त्याला ३७ ते ४० जास्त मानवते आणि चवही ओळखीची राहते. इडलीच्या पिठाला ३० अंशांत आठ ते बारा तास. पिठाचे भांडे निम्मेच भरावे.

पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वस्त सेन्सर एखाद-दोन अंशांनी सहज चुकतो. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून, ढवळून, त्यात सेन्सर पाच मिनिटे धरावा. दर्शकावर शून्य यायला हवे. जो फरक दिसेल तो पाटीतल्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरता येतो. उकळत्या पाण्याचा आधार घ्यायचा तर या भागात ते १०० वर उकळत नाही हे लक्षात असावे. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. त्यापेक्षा बर्फच बरा. पहिली रात्र दुधाऐवजी पाण्याचे पातेले ठेवून पाहावी आणि तासातासाने आकडे लिहावेत.

उन्हाळ्यात थंडावा हवा तर पेटीच्या जागी जुना एकदारी फ्रिज येतो. तिथे एसटीसी-१००० हा नियंत्रक सोयीचा. शीतपेट्या आणि मत्स्यालयांसाठी बनलेल्या या उपकरणाला जगभरच्या घरगुती बिअरवाल्यांनी आपलेसे केले, कारण त्यात दोन रिले असतात: एक तापवायला, एक गार करायला. किंमत पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास. फ्रिजचे स्वतःचे बटण सर्वांत थंडवर ठेवायचे आणि फ्रिजचा प्लग नियंत्रकामार्फत जोडायचा. फ्रिजच्या आत काहीच कापावे-तोडावे लागत नाही. एकच सेटिंग विसरून चालत नाही: कंप्रेसरचा विराम. कंप्रेसर बंद झाल्यावर नळ्यांमधला दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी पुन्हा सुरू केला तर तो दाबाविरुद्ध अडकतो, तापतो आणि जळतो. विराम पाच मिनिटांचा ठेवावा. पेल्टिअर चकत्यांची जाहिरात आकर्षक असते, पण त्या पन्नास-साठ वॉट खाऊन फार थोडा थंडावा देतात. मोठ्या भांड्यासाठी त्यांच्यावर पैसे घालू नयेत. ओले गोणपाट आणि पंखा, कोरड्या एप्रिलमध्ये, त्याहून चांगले काम करतात.

वीज जाण्याची भीती शेतकरी घरात आधी व्यक्त होते. दही-पिठाच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. वीस लिटर द्रव आणि वीस वॉटची गळती असलेले खोके तासाला एका अंशाहून कमी निवते. दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर त्या लहान भांड्यालाही हाच आधार देतात. अंड्यांना मात्र इन्व्हर्टर हवा.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आर्डुइनोची वाट खुली आहे. २००५ साली इटलीतल्या इव्रेआमध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा छोटा बोर्ड आणि डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर ही जोडी मिळून काही शे रुपयांत येते. हा सेन्सर उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो, आणि एकाच तारेवर असे अनेक सेन्सर जोडता येतात. एक भांड्याला, एक हवेत. त्याला ४.७ किलोओहमचा रोध लागतो, तो विसरला की आकडे वेडेवाकडे येतात. अचानक ८५ अंश दिसले तर घाबरू नये: मोजणी होण्याआधी सेन्सर तोच आकडा दाखवतो. आर्डुइनोचा खरा फायदा आकड्यांची नोंद राहण्यात आहे. रात्रभर पिठाचे तापमान कसे चढले-उतरले याचा आलेख सकाळी पाहिला की पुढच्या वेळी काय बदलायचे ते दिसते. नुसते चालू-बंद करण्याऐवजी किती मागे पडलो आहोत, किती वेळ मागे आहोत आणि किती वेगाने जवळ येतो आहोत या तिन्हींवरून उष्णता मोजून देण्याची पद्धतही त्यात बसवता येते. जहाजाचे सुकाणू आपोआप कसे सांभाळावे याचा विचार करताना निकोलस मिनोर्स्कीने ती १९२२ मध्ये मांडली. दह्याला तिची गरज नाही. अंड्यांना होतो उपयोग.

राहू, पाटेठाण, वाळकी या भागातल्या माध्यमिक शाळांनी ही पेटी यंदा विज्ञानाच्या तासाला करून पाहावी. एकाच पातेल्यातले विरजण लावलेले दूध दोन भांड्यांत घ्यावे, एक पेटीत ४० अंशांवर आणि एक वर्गाच्या खिडकीत. दर तासाला चमचाभर काढून पीएच पट्टीने आम्लता तपासावी, पट्टी ४.६ च्या आसपास येते तेव्हा दुधातले केसीन गोठते आणि दही लागते. नवव्या वर्गाचे रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र त्या एका दिवसात टेबलावर येते. साधी पेटी, पाटी, अॅडॉप्टर, बल्ब आणि पट्ट्या मिळून सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसतो.